महालातला एक खून स्टीमवर जाईपर्यंत

एखादी रहस्यकथा डोक्यात आहे, ती पुस्तकाऐवजी खेळ म्हणून करावीशी वाटते, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. मला यात जवळपास वीस महिने लागले. कुठे कुठे अडले ते सांगते. खेळ आता स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात लोकांसमोर आहे, म्हणून त्यात काय जमलं आणि काय फसलं तेही सांगते. खेळाचं नाव मुद्दाम देत नाही, हे जाहिरातीसाठी लिहिलेलं नाही.

माझा खेळ व्हिज्युअल नॉव्हेल या प्रकारातला आहे, म्हणजे पडद्यावर चित्र, खाली मजकुराची चौकट आणि मधूनमधून निवडायला पर्याय. पळापळ नाही, गोळीबार नाही, मुख्य काम वाचायचं. हा प्रकार जपानमध्ये रुजला. युजी होरी यांनी १९८३ सालीच कोबे शहरातल्या खुनाच्या तपासावर 'पोर्टोपिया' नावाचा खेळ केला होता. म्हणजे रहस्य आणि हा प्रकार यांचं नातं जुनंच आहे.

मी नागपुरात एका वकिलांच्या कार्यालयात अकरा वर्षं मराठी कागदपत्रांचं टंकलेखन आणि भाषांतर करते. दिवसभर फिर्यादी, पंचनामे, जबाब. 'विचारल्यावरून सांगते की' अशी सुरुवात झाली की पुढे माणूस काय लपवणार याचा अंदाज हळूहळू यायला लागतो. खेळाची कल्पना तिथूनच आली. वाचणाऱ्यापुढे जबाब ठेवायचे आणि कुठलं वाक्य दुसऱ्या कुठल्या वाक्याशी जुळत नाही ते त्यानेच शोधायचं.

जानेवारी २०२४ मध्ये सुरुवात केली. रेनपाय नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, त्यात केलेला खेळ विकला तरी कुणाला काही द्यावं लागत नाही. प्रोग्रामिंग मला येत नव्हतं, पण संवाद लिहिण्यापुरतं ते नाटकाच्या संहितेसारखंच आहे: पात्राचं नाव, पुढे अवतरणात वाक्य.

पहिला धक्का अक्षरांनी दिला. एका जुन्या शिकवणीवरून मी जुनी आवृत्ती उतरवली होती. तिच्यात 'प्रश्न' हा शब्द पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत दिसायचा आणि 'विहीर'मधली पहिली वेलांटी व च्या नंतर जाऊन बसायची. तीन रात्री मी फॉन्ट बदलत होते. दोष फॉन्टचा नव्हताच. रेनपायमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय ८.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये आली. नवी आवृत्ती घेतली, 'एक टाइप' या संस्थेच्या 'मुक्ता' या मोफत फॉन्टात मजकूर टाकला आणि 'प्रश्न' पडद्यावर सरळ उभा राहिला. त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवून तो एक शब्द दाखवला.

आणखी एक बारीक गोष्ट. 'पायऱ्या', 'मारणाऱ्या' यांतला ऱ्या नेहमीचा र, हलन्त, य असा टाइप केला तर 'पायर्या' असा रफार येतो. त्यासाठी नुक्ता असलेला ऱ घ्यावा लागतो. माझ्या मसुद्यात अशा एकशेचाळीस जागा होत्या. शिवाय सुरुवातीची चार प्रकरणं मी कार्यालयातल्या सवयीने युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केली होती. ती कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा ओळ न् ओळ तपासली. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा, दोन आठवडे वाचतील.

कथा नागपूरच्या महाल या जुन्या भागातल्या एका वाड्यात घडते. पोळ्याची रात्र, दुसऱ्या दिवशी मारबत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बरोबर बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर होतो. शंभराहून जास्त वर्षांची ही परंपरा आहे. सगळा वाडा मिरवणूक पाहायला बाहेर पडलेला असताना मागच्या खोलीत घरमालकाचं प्रेत सापडतं, असा आरंभ. संशय पहिल्यांदा बायकोवर जातो, आणि का जातो हे उलगडताना त्या लग्नात वर्षानुवर्षं काय चाललं होतं ते बाहेर येतं. खेळ प्रौढांसाठी आहे तो यामुळे.

३ सप्टेंबर २०२४ च्या मारबतीला मी रजा काढून इतवारीत गेले. ढोल, गर्दीचा आवाज, गजर, सगळं मोबाइलवर टिपलं. आज खेळात जो आवाज ऐकू येतो तो त्याच सकाळचा. कथेतली तारीखही तीच ठेवली, आणि त्यामुळे एक चूक वेळीच लक्षात आली. मसुद्यात मी सवयीने कलम ३०२ लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती, तेव्हा खुनाचं कलम १०३ हवं. जबाबांवरचं १६१ सुद्धा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १८० झालं होतं.

चित्रं नागपुरातच चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने काढली. नऊ पात्रं, चौदा पार्श्वभूमी, बासष्ट हजार रुपये तीन हप्त्यांत. संगीताचे बारा हजार. दोघांशीही साध्या मराठीत एका पानाचा करार केला, त्यात विक्रीचे हक्क स्पष्ट लिहिले. हे टाळू नका. पुढे स्टीमच्या करारात सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं लिहून द्यावं लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांना खेळायला दिला. त्यांच्यात एक डॉक्टर, एक वकीलबाई, निवृत्त शिक्षिका असलेल्या शेजारच्या काकू आणि माझा धाकटा दीर होता. खरी परीक्षा इथे झाली, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या कोड्याचा कणा असा होता: एक पात्र जबाबात सांगतं, 'कूलर चालू होता, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही.' दुसऱ्या जबाबात रात्री नऊ चाळीसला लाइट गेल्याचा उल्लेख येतो. म्हणजे कूलर बंद होता. या धाग्यावर मी फार खूश होते. दिराने दुसऱ्याच दिवशी फोन केला. "वहिनी, पोळ्यात कूलर कोण लावून राहिलं? दमट हवेत उलटा घाम येते ना." मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या लावून ज्या घरात आम्ही राहतो, त्याच घरात बसून मी हे लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन आठवडे पर्याय शोधला. शेवटी कूलरच्या जागी गल्लीतला भोंगा आला: पोरं बडगे सजवत होती, गाणी लागली होती, म्हणून काही ऐकू आलं नाही. लाइट गेल्यावर भोंगाही गप्प होतो. हा बदल मूळ कल्पनेपेक्षा चांगला ठरला, कारण तो त्या रात्रीशिवाय दुसऱ्या कुठल्याच रात्री चालला नसता. परीक्षकांना खेळातली हीच जागा सगळ्यांत आवडली. वाचणारा ते वाक्य अधोरेखित करतो, दुसऱ्या जबाबातलं वाक्य त्याच्यासमोर ठेवतो आणि पात्राचा चेहरा बदलतो. मी मध्ये एक शब्दही सांगत नाही.

डॉक्टरांनी वेळेवर बोट ठेवलं. पहिल्या मसुद्यात खून पोळ्याच्या आदल्या रात्री होत होता आणि छत्तीस तासांनी प्रेत पूर्ण ताठ अवस्थेत सापडत होतं. "आपल्याकडच्या उकाड्यात एवढ्या वेळात ताठरपणा ओसरायला लागतो, आणि वास? वाड्यात कुणालाच वास आला नाही?" खून एक रात्र पुढे आणला, प्रेत बारा तासांच्या आत सापडायला लावलं. त्यामुळे चार पात्रांच्या हालचाली नव्याने मांडाव्या लागल्या. मिनिटामिनिटाचा तक्ता आधी कागदावर काढा आणि मग लिहा. मी उलटं केलं आणि महिना घालवला.

काकूंनी पर्यायांबद्दल विचारलं. "तीन उत्तरं देतेस, कुठलंही निवडलं तरी तो हेच बोलतो. विचारायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला?" खेळात असे एकतीस खोटे पर्याय होते. चोवीस काढले, सातांना खरे फाटे दिले. सुरुवातही लांबलेली होती, प्रेत सापडायला सत्तर मिनिटं लागायची. ती पंचवीस मिनिटांवर आणली. एक व्यावहारिक कारणही होतं: स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल आणि खरेदीला चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात रहस्याची पकड बसायला हवी.

सगळ्यांत अवघड दुरुस्ती वकीलबाईंनी सांगितलेली. नवऱ्याने बायकोवर केलेल्या अत्याचाराचा प्रसंग मी चित्रासह, सविस्तर लिहिला होता. प्रौढांसाठीचा खेळ म्हणजे ते दाखवायचं धाडस करायला हवं अशी माझी समजूत होती. त्यांनी समासात एवढंच लिहिलं: 'हे तिने सांगितलेलं नाही, दाराच्या फटीतून कुणीतरी पाहिलेलं आहे.' वाचून मी दोन दिवस फाइल उघडली नाही. मग चित्र काढून टाकलं आणि तो पूर्ण प्रसंग तिच्या जबाबात आणला. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. काही ठिकाणी उत्तराच्या जागी फक्त 'साक्षीदार गप्प' एवढंच. वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा की थांबायचं हे निवडता येतं. थांबलात तरी तपास अडत नाही. हा पर्याय देताना मला भीती वाटत होती की लोक घाईने पुढे विचारत जातील. बहुतेक जण थांबले.

कायद्याची बाजूही होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ प्रमाणे लैंगिक कृतीचं उघड चित्रण इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. भारतात बसून प्रौढांसाठी खेळ करणाऱ्यांनी हे आधीच वाचून ठेवावं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरी चाचणी झाली आणि मार्चमध्ये कागदपत्रांना हात घातला.

१७ मार्चला स्टीमवर प्रकाशक म्हणून नोंदणी केली, करार वाचून मान्य केला आणि एका खेळाचं शुल्क १०० डॉलर भरलं. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होता, तो आधी बँकेच्या अॅपमधून सुरू करावा लागला. सगळं धरून नऊ हजारांच्या आसपास गेले. विक्री १,००० डॉलरच्या वर गेली तर हे शुल्क परत मिळतं. ते भरल्यापासून तीस दिवस खेळ प्रकाशित करता येत नाही, म्हणून मजकूर पक्का झाला की लगेच भरून टाका.

इथे माझं नाव आडवं आलं. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. स्टीमवर जे कायदेशीर नाव द्याल तेच बँकेत आणि कराच्या फॉर्मवर हवं. पॅन बदलण्यापेक्षा बँकेतलं नाव पॅनप्रमाणे करून घ्यायचं ठरवलं. २४ मार्चला शाखेत गेले, विवाह नोंदणी दाखल्याची प्रत मागितली. २ एप्रिलला प्रत घेऊन गेले, तर मूळ दाखला दाखवा म्हणाले. ९ एप्रिलला मूळ घेऊन गेले तेव्हा अर्ज घेतला, आणि नाव बदलायला आणखी अकरा दिवस लागले. पहिल्याच फेरीत मूळ कागद, प्रती, पॅन, आधार, फोटो असं सगळं न्या आणि अर्जाची पोच मागून घ्या. त्याच वेळी परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोडही विचारा. आमच्या शाखेला तो नव्हताच, परकीय चलनाचं काम करणाऱ्या शहरातल्या दुसऱ्या शाखेचा द्यावा लागला.

स्टीमच्या नोंदणीतल्या 'करविषयक मुलाखत' या शब्दांनी मी घाबरले होते. प्रत्यक्षात ती ऑनलाइन प्रश्नावली आहे, शेवटी डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म तयार होतो. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन द्यायचा. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करकराराचा लाभ हवा असं नमूद केलं की अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. आपल्याकडे आयकराचं विवरण भरताना त्या कपातीची वजावट मागायची तर वेगळा फॉर्म लागतो, २०२५ मध्ये तो फॉर्म ६७ होता. माझी उलाढाल २० लाखांच्या पुष्कळ खाली असल्यामुळे जीएसटी नोंदणी लागणार नाही असं सीएंनी सांगितलं. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, विचारून घ्या.

मे महिना दुकानाच्या पानात गेला. बाहेर नागपूरचा उन्हाळा, आत कूलरसमोर लॅपटॉप, आणि वेगवेगळ्या मापांची मुखपृष्ठं. मुखचित्रावर मी 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहिलं होतं, त्यामुळे पान परत आलं. मुखचित्रावर खेळाचं नाव आणि चित्र याखेरीज मजकूर चालत नाही असा नियम आहे, तो मी वाचला नव्हता. इशारा द्यायची जागा वेगळी, आशयाच्या प्रश्नावलीत. हिंसा, लैंगिक आशय, तो किती आणि कशा स्वरूपात, सगळं विचारतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने काही केलं आहे का हेही. शिवाय आपल्या शब्दांत वर्णन द्यायचं असतं. मी लिहिलं की वैवाहिक अत्याचाराचं वर्णन जबाबाच्या रूपात शब्दांत येतं, चित्रात दाखवलेलं नाही. हे चार ओळींचं वर्णन मी आठ वेळा लिहिलं. ज्या बाईने हे सोसलं असेल तिला विकत घेण्याआधी कळायला हवं, आणि रहस्यही फुटायला नको.

२ जूनला 'लवकरच येत आहे' हे पान लोकांना दिसू लागलं. ते किमान दोन आठवडे दिसावं लागतं, मी अडीच महिने ठेवलं.

जुलैत पोटात गोळा आला. पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे स्टीमने लैंगिक आशयाचे बरेच खेळ काढून टाकले आणि इच या दुसऱ्या दुकानाने त्याच महिन्यात प्रौढ आशयाचे खेळ शोधातून बाजूला केले. माझ्या खेळात तसं चित्र एकही नव्हतं, तरी रोज सकाळी चहाआधी पान उघडून ते जागेवर आहे का पाहायची. प्रश्नावली पुन्हा वाचली, एक शब्दही बदलावासा वाटला नाही. पान जागेवरच राहिलं.

२८ जुलैला खेळाची फाइल तपासणीला दिली. १ ऑगस्टला परत आली: 'कंट्रोलरवर पूर्ण चालतो' या चौकोनात मी टिक केली होती आणि अधोरेखनाचा भाग कंट्रोलरवर चालत नव्हता. टिक काढली, ४ ऑगस्टला पुन्हा दिली, ७ ला मंजुरी आली. जे स्वतः हाताने करून पाहिलेलं नाही त्यावर टिक करू नका.

२१ ऑगस्ट २०२५ ला, पोळ्याच्या आठवड्यात, २४९ रुपयांना खेळ बाहेर आला. महिनाभरात ११८ प्रती गेल्या, सात परत आल्या.

आता लोकांच्या प्रतिक्रियांवरून उणिवा दिसतात त्या अशा. शेवटचा कबुलीजबाब अकरा मिनिटं चालतो आणि त्यात वाचणाऱ्याला करायला काहीच नाही. साडेतीन तास ज्याला मी तपास करू दिला, त्याला शेवटी नुसतं ऐकत बसवलं. ही माझी सगळ्यांत मोठी चूक. जाऊबाईंचं पात्र उथळ आहे, तिला फक्त संशयापुरतं आणलं होतं हे कळतं. रहस्यकथा भरपूर वाचणाऱ्यांनी गुन्हेगार निम्म्यातच ओळखला. त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी दोघांनी लिहिलं की ओळखल्यावरही जबाब वाचत राहावंसं वाटलं. आरोप ठेवताना मागे जाऊन निर्णय बदलण्याची सोय मी बंद केली होती, ती पुष्कळांना जाचली. ती मात्र तशीच ठेवणार आहे. ठेवलेला आरोप आपल्याकडे इतक्या सहज मागे घेता येत नाही.

एकूण खर्च अठ्ठ्याऐंशी हजार, पहिल्या महिन्याचे हातात आले साधारण सोळा हजार. रक्कम १०० डॉलरच्या वर गेली की पुढच्या महिन्याच्या अखेरीस पाठवतात. पहिला हप्ता आला तेव्हा बँकेतून फोन आला, पैसे कशाबद्दल ते लेखी द्या. परदेशी रकमेसाठी बँक हेतूचा कोड मागते, त्याची माहिती सीएंकडून आधी घेऊन ठेवली होती म्हणून अर्ध्या तासात काम झालं. रक्कम आल्याचं प्रमाणपत्र मागून घेतलं आणि डब्ल्यू-८बेनच्या छापील प्रतीमागे फाइलला लावलं. विवरण भरताना लागेल.

सध्या कबुलीजबाबाचं प्रकरण मोडून पुन्हा लिहिते आहे. गुन्हेगार सलग बोलणार नाही, वाचणारा विचारेल तेवढंच सांगेल. जाऊबाईंसाठी एक नवा जबाब लिहून झाला आहे, तो काकूंकडे वाचायला दिलाय.